द अमेरिकन्स: मार्थाला बावळट का म्हणता?

टंकलेखिका

आधीच सांगते, या धाग्यात शेवटच्या भागापर्यंतचं सगळं फोडलेलं आहे. मालिका पाहायची असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका.

'द अमेरिकन्स' एकदाची संपवली. एफएक्स वाहिनीवर २०१३ ते २०१८ चाललेली, सहा सीझन, ७५ भाग. मला सापडली उशिरा, तीही भाचीनं लावून दिली म्हणून. ज्यांना रहस्यभेदाची पर्वा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज हे वॉशिंग्टनजवळच्या फॉल्स चर्चमध्ये राहणारं चारचौघांसारखं जोडपं. ट्रॅव्हल एजन्सी, दोन मुलं, गॅरेजमध्ये ओल्ड्समोबिल. प्रत्यक्षात दोघं सोव्हिएत हेरखात्याचे, केजीबीचे 'इल्लीगल', म्हणजे दूतावासाचं कवच नसलेले, अमेरिकी नावानं अमेरिकेत रुजवलेले हेर. समोरच्या घरात राहायला येतो स्टॅन बीमन, एफबीआयच्या प्रतिहेर विभागातला. गोष्ट सुरू होते १९८१ मध्ये, रेगन नुकता राष्ट्राध्यक्ष झालेला असताना, आणि संपते डिसेंबर १९८७ मध्ये, गोर्बाचेव्ह क्षेपणास्त्रांच्या करारावर सही करायला वॉशिंग्टनला येतो तेव्हा.

माझं म्हणणं मार्थाबद्दल आहे.

मार्था हॅन्सन ही एफबीआयच्या त्या विभागाच्या साहेबाची, फ्रँक गॅडची, सेक्रेटरी. फिलिप टोप आणि चष्मा लावून 'क्लार्क' नावाचा सरकारी माणूस बनतो आणि तिच्याकडून फायलींची माहिती काढतो. पुढं चक्क लग्न करतो तिच्याशी. लग्नात नवरदेवाची बहीण कोण, तर त्याची खरी बायको एलिझाबेथ. वरमाय कोण, तर केजीबीची मुकादमीण क्लॉडिया. मी त्या भागात हसावं की रडावं या विवंचनेत होते.

आता या मालिकेबद्दल जिथं जिथं वाचावं तिथं 'बिच्चारी मार्था' हा एक पालुपदासारखा शब्द. आणि त्याच्या पाठोपाठ: इतकी कशी बावळट बाई ही? नवरा सवडीनं उगवतो, लग्नाची वाच्यता कुठं करू नकोस म्हणतो, आणि हिच्या डोक्यात प्रकाश पडत नाही?

मी आयुष्यभर साहेबांच्या केबिनबाहेर बसले. लघुलेखन, टंकलेखन, भेटींची डायरी, कपाटाच्या किल्ल्या. त्यामुळे मार्थाचं टेबल मला परकं नाही. आणि मला ती बाई बावळट वाटत नाही. उलट त्या सबंध कार्यालयात माणसं वाचता येणारी तीच एक आहे.

गॅडच्या टेबलावरचं ते मायक्रोफोनचं पेन घ्या. मार्था ते नेऊन ठेवते. किती सोपं होतं ते, हे केबिनबाहेर बसणाऱ्यालाच कळेल. साहेबाच्या टेबलावर पेन ठेवणारी बाई साहेबाला दिसतच नाही. मी आत गेले तरी आमचे साहेब फोनवर बोलतच राहायचे. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्या हाताखालचा एखादा कारकून आत डोकावला की मात्र लगेच रिसीव्हरवर हात. मी मात्र खुर्चीसारखी, कपाटासारखी. मला सगळं माहीत असायचं आणि मला माहीत आहे हे कुणालाच माहीत नसायचं.

आणि माहीत असायचं म्हणजे किती! इलेक्ट्रिक टाइपरायटरची ती कार्बन फिल्मची रिबन आठवते का कुणाला? कापडी रिबन पुन्हा पुन्हा फिरते, अक्षरावर अक्षर बसून सगळा काला होतो. फिल्मची रिबन एकदाच वापरायची. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तिच्यावर कापून काढल्यासारखं स्वच्छ उमटतं. वापरलेली रिबन उजेडात धरून उलगडत गेलं की अख्खं पत्र वाचता येतं, शब्दांमधल्या जागा आपण मनानं घालायच्या. गोपनीय अहवाल झाला की पत्राच्या प्रती मोजून कपाटात जायच्या, रुबाबात. रिबन माझ्या टेबलाखालच्या टोपलीत. ती मी घरी जाताना स्वतः कापून टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मार्थासारखीला फायली काढायला शौर्य लागलंच नसतं, हे म्हणायचंय मला.

तिसऱ्या सीझनमध्ये ते पेन सापडतं तो प्रसंग आठवा. गॅडच्या हातात पेनचे भाग सुटे होतात, तो बघतो आणि एकदम गप्प होतो. मग सगळी केबिन मुकाट्यानं तपासायला लागतात. बोलणं जवळपास नाहीच. बाहेर बसलेली मार्था नुसत्या हालचालींवरून ओळखते काय झालं ते. उठते, पर्स उचलते, बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन आपल्याकडचा रेकॉर्डर मोडते आणि परत येऊन जागेवर बसते. नंतर चौकशीला आलेल्या वॉल्टर टॅफेटसमोर सरळ चेहऱ्यानं खोटं बोलते. ज्या इमारतीत प्रत्येक जण खोटं पकडण्याचा पगार घेतो तिथं हे करून दाखवणारी बाई बावळट?

बरं, स्टॅनला का नाही कुणी बावळट म्हणत? हेर त्याच्या समोरच्या घरात. सहा वर्षं फिलिपबरोबर बिअर पितो, रॅकेटबॉल खेळतो, जेवायला त्यांच्याकडे जातो. शिवाय सोव्हिएत दूतावासातल्या नीनाच्या प्रेमात हा स्वतः गुडघाभर बुडालेला. त्याला मात्र 'गुंतागुंतीचं पात्र' म्हणायचं.

तर विचारायचं ते असं. सेक्रेटरीशी लग्न करून फायली काढण्याचे उद्योग खरोखर कुणी केलेत का, की हे लेखकांच्या डोक्यातून आलं? आणि तुम्हाला मार्था बावळट वाटली असेल तर नेमकी कुठल्या जागी?

मेलरोबो

ताई, सलाम. माझ्या नावावरून कळलं असेलच मी कुणाच्या पार्टीतला. एफबीआयच्या कार्यालयात टपाल वाटत हिंडणारं ते बोजड यंत्र हेच माझं मालिकेतलं सगळ्यात लाडकं पात्र. गॅड वैतागून त्याला लाथ घालतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं. आणि ते काही लेखकांचं खूळ नाही. अशी यंत्रं त्या काळी मोठ्या कार्यालयांत खरंच असायची. गालिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रसायनाची रेघ मारून ठेवायची आणि यंत्र त्या रेघेवरून टेबलाटेबलाशी थांबत जायचं.

तुमच्या 'खुर्चीसारखी, कपाटासारखी' वरून एकदम बेटी आठवली. तो रोबो बिघडून दुरुस्तीला जातो, आणि फिलिप-एलिझाबेथ रात्री त्या दुकानात शिरतात त्याच्यात मायक्रोफोन बसवायला. दुकानात कुणी नसणार असं गृहीत धरून. तर वर एक म्हातारी दिवा लावून हिशेब लिहीत बसलेली. नवरा गेलेला, दुकान आता मुलगा बघतो, पण वह्या हिच्याकडे. लोइस स्मिथनं काय काम केलंय! एलिझाबेथ तिला तिचीच हृदयविकाराची औषधं एकामागून एक घ्यायला लावते, आणि गोळ्यांच्या मध्ये दोघी नवऱ्याबद्दल, लढाईबद्दल गप्पा मारतात. हे सगळं जग चांगलं करण्यासाठी, असं एलिझाबेथ सांगते. म्हातारी म्हणते, वाईट माणसं वाईट काम करताना स्वतःला हेच सांगतात. गोळीबार नाही, पाठलाग नाही. तरी मी तो भाग पुन्हा लावू शकलेलो नाही.

तर तुमच्या यादीत बेटीही घ्या. हिशेबाला बसलेली बाई मोजणीत धरायचीच राहते, हेरांच्यासुद्धा.

अवांतर: तिसऱ्या सीझनमधला आयएसआयचा युसूफ म्हणजे आपला राहुल खन्ना. आणि नीना झालेल्या ॲनेट महेंद्रूचे वडील भारतीय, आई रशियन, जन्म काबूलचा. दूतावासातले सगळे प्रसंग रशियनमध्ये आहेत, ते तिच्या तोंडी इतके सहज का वाटतात ते नंतर कळलं.

शॉर्टवेव्ह

टंकलेखिकाताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: झालंय, आणि मालिकेपेक्षा वाईट झालंय.

पश्चिम जर्मनीची राजधानी तेव्हा बॉन होती. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयात लिओनोर नावाची सेक्रेटरी होती. हाइन्झ स्युटरलिन नावाच्या माणसानं तिच्याशी १९६० मध्ये लग्न केलं. तो केजीबीसाठी काम करत होता आणि लग्न हा त्याच कामाचा भाग होता. ती कार्यालयातून कागद आणायची, तो त्यांचे फोटो काढायचा. १९६७ मध्ये त्यांचा वरिष्ठ येव्हगेनी रुंगे, तो स्वतः इल्लीगल, अमेरिकनांना जाऊन मिळाला आणि सगळं उघडं पडलं. दोघांना अटक झाली. नवऱ्यानं आपल्याशी लग्न वरून आलेल्या हुकमानं केलं होतं, हे तिला चौकशीत कळलं. त्यानंतर कोठडीत तिनं गळफास घेतला.

दुसरं नाव मार्गारेटे होके. ही तर थेट पश्चिम जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातली. हिच्यामागेही केजीबीचा इल्लीगल होता, फ्रान्झ बेकर या नावानं वावरणारा. ती १९८५ मध्ये पकडली गेली, १९८७ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. शिवाय पूर्व जर्मनीच्या परदेशी हेरखात्याचा प्रमुख मार्कुस वोल्फ, त्यानं तर बॉनमधल्या एकट्या राहणाऱ्या सेक्रेटऱ्यांना गाठण्यासाठी देखण्या, गोडबोल्या पुरुषांची फळीच उभी केली होती. त्यांना 'रोमिओ' म्हणत. मंत्री गाठणं अवघड आणि खर्चिक. मंत्र्याचं पत्र टाइप करणारी गाठली की पुरे. ताई जे रिबनबद्दल म्हणाल्या ते वोल्फला नक्की माहीत असणार.

टाइपरायटरवरून आठवलं, हे तुम्हाला आवडेल. १९८४ मध्ये अमेरिकनांनी आपल्या मॉस्कोच्या दूतावासातली झाडून सगळी यंत्रसामग्री गुपचूप बदलून मायदेशी आणली आणि एक्स-रे काढून तपासली. मॉस्को दूतावास आणि लेनिनग्राडची वकिलात मिळून आयबीएमच्या १६ सिलेक्ट्रिक टाइपरायटरांमध्ये उपकरणं निघाली. यंत्राच्या आत आडव्या बसणाऱ्या धातूच्या पट्टीत ती दडवलेली होती. सिलेक्ट्रिकला अक्षरांचा तो गोळा असतो ना, तो कुठलं अक्षर उमटवायला किती वळतो, किती कलतो, हे चुंबकीय बदलावरून टिपायचं आणि रेडिओवरून बाहेर सोडायचं. १९७६ पासून चालू होतं. म्हणजे टायपिस्टलाही फितवायची गरज नाही, तिच्या बोटांखालचं यंत्रच फितूर.

मालिकेचा कर्ता जो वाइसबर्ग स्वतः सीआयएमध्ये होता, त्यामुळे असल्या गोष्टींची कल्पना त्याला असणारच. मालिकेची ठिणगी मात्र जून २०१० च्या अटकांमधून पडली. एफबीआयनं अमेरिकेत वर्षानुवर्षं राहणारे दहा रशियन इल्लीगल एकदम धरले आणि जुलैत व्हिएन्नाच्या विमानतळावर चौघांच्या बदल्यात परत पाठवले. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोपसुद्धा ठेवला नव्हता. परक्या सरकारसाठी नोंदणी न करता काम केलं, एवढंच त्यांनी कबूल केलं. आठवड्याला एक मुडदा पाडत हिंडणं, ट्रंकेत कोंबणं वगैरे सगळं दूरचित्रवाणीचं. खरा इल्लीगल एवढी धावपळ करता तर महिन्याभरात सापडला असता.

टोपांबद्दल लोक हसतात, त्यात मात्र थोडा दम आहे. सीआयएच्या वेशांतर विभागाची प्रमुख जॉना मेंडेझ मुखवटा चढवून व्हाइट हाउसमध्ये थोरल्या बुशसमोर बसली होती आणि बोलता बोलता तिनं तो उतरवला. त्याला तोवर पत्ता नव्हता. आता रोजच्या रोज शेजारी झोपणाऱ्या बायकोपुढं टोप टिकेल का, हा भाग वेगळा. तिथं मी लेखकांना सूट देतो.

खडूस_वकील

ताई, वकिली झकास केलीत. पण अशील गुन्हेगार आहे.

'क्लार्क' सरकारी माणूस आहे असं तिला वाटत होतं तोवरचं सगळं सोडून देऊ. पण तिसऱ्या सीझनच्या अखेरीस तो तिच्यासमोर टोप काढतो. हा माणूस जे सांगत होता ते नाही, हे तेव्हा स्वच्छ दिसलं. ती काय करते? थांबते. मग पेनाचा ठपका जीनवर टाकला जातो, तो संगणक बघणारा निरुपद्रवी मुलगा. त्याला फिलिप मारतो आणि आत्महत्या केल्यासारखं दाखवतो. हे मार्थाला कळतं. चौथ्या सीझनमध्ये तर तो केजीबीचा आहे हेही कळतं. त्या सगळ्या काळात ती एफबीआयच्या पाळतीचे अहवाल आणून देतच असते. पाळत कुठं आहे हे ज्याला कळतं तो मोकळा सुटतो, आणि तो मोकळा सुटला की कुणीतरी मरतं. जीनची आई असेल कुठंतरी. तिच्यासाठी 'बिच्चारी' कोण म्हणणार?

आणि गॅडचं काय? त्याची नोकरी गेली. पुढं बँकॉकला सुट्टीवर असताना केजीबीची माणसं त्याला गाठायला आली, पळताना काचेच्या दारातून आरपार गेला आणि मेला. एका पेनापासून सुरू झालं ते.

प्रेमात होती, एकटी होती, हे शिक्षा कमी करायला सांगा. निर्दोष सुटायला चालणार नाही.

टंकलेखिका

शॉर्टवेव्ह, लिओनोरचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आणि त्या १६ टाइपरायटरांचं वाचून मात्र जीव खूश झाला. टायपिस्टला विश्वासात न घेता तिच्या बोटांवरून अक्षरं उचलायची! सिलेक्ट्रिकचा गोळा मी जवळून पाहिलाय. तो इतक्या चपळाईनं वळतो की नुसता बघत बसावंसं वाटतं. त्याच्यावरून कुणी पत्र वाचत असेल हे स्वप्नातही आलं नसतं.

वकीलसाहेब, गुन्हेगार म्हणा ना. माझी काहीच हरकत नाही. जीनचं रक्त तिच्याही हातावर आहे. माझं भांडण 'बावळट'शी आहे, आणि तुमचा सगळा प्रतिसाद माझ्याच बाजूनं जातो. बावळट माणसाला माहीत नसतं म्हणून तो फसतो. मार्थाला माहीत असतं आणि तरी ती करते. हे कितीतरी जास्त वाईट आहे, पण त्याला अक्कल लागते.

तो टोप काढण्याचा प्रसंगच बघा. फिलिप पलंगावर बसतो. चष्मा उतरवतो. मग केसांत बोटं घालून एक एक पिन काढायला लागतो, आणि कॅमेरा घाई करत नाही. कुठं ओढाओढ नाही. मार्थाच्या चेहऱ्यावर आश्चर्य फार थोडं आहे. ॲलिसन राइटनं तिथं जे केलंय त्याला तोड नाही. भीती आहे, आणि भीतीच्या खाली 'तर मग हे असं आहे' असं काहीतरी. मला तरी तो चेहरा फसलेल्या बाईचा वाटला नाही. हिशेब कुठंतरी जुळत नाही हे ज्या कारकुनाला महिनोन्‌महिने माहीत आहे, आणि आज साहेबानं स्वतःच वही उघडून दाखवली, त्या कारकुनाचा तो चेहरा आहे.

आणि वकीलसाहेब, कायदा सगळ्यांना सारखा लावायचा तर स्टॅनला लावा की. पहिल्याच सीझनमध्ये त्यानं दूतावासातल्या व्लादला, त्या कोवळ्या पोराला, मागून गोळी घातली. ताब्यात घेतलेला, हातात काही नसलेला माणूस. नीनासाठी तो सरकारी गुपित देण्याच्या अगदी काठापर्यंत गेला. शेवटच्या भागात वाहनतळाच्या तळघरात फिलिप, एलिझाबेथ आणि त्यांची मुलगी पेज तिघं त्याच्या बंदुकीसमोर उभे असतात, आणि हा बाजूला होऊन त्यांची गाडी जाऊ देतो. देशद्रोहच तो. तो प्रसंग लिहिणाऱ्यांना २०१८ चं एमी मिळालं, फिलिप झालेल्या मॅथ्यू ऱ्हिसलाही मिळालं, आणि माझीही काही तक्रार नाही, माझ्याही घशाशी आलं होतं. पण दोघांनीही एकच केलं ना? फिलिपवर जीव होता म्हणून नियम मोडला. मार्थाचा संसार मोडला, देश सुटला, तिला पहाटे त्या छोट्या विमानात बसवून दिलं. स्टॅन दुसऱ्या दिवशी कामावर.

मला राग कुणाचा आला सांगू? एफबीआयचा. मार्था गायब झाल्यावर त्या कार्यालयात सगळे बसलेत, आणि आपल्या साहेबाच्या सेक्रेटरीनं केजीबीच्या माणसाशी लग्न केलं हे एकाच्याही गळी उतरत नाही. इतकी वर्षं समोर बसलेली बाई. तिचं लग्न झालंय हेच कुणाला माहीत नाही. ती डबा खायला कुणाबरोबर बसते, सुट्टीत कुठं जाते, कुणी कधी विचारलं नाही. 'क्लार्क' विचारायचा. त्याची गरज होती म्हणून विचारायचा, मान्य. पण तोच विचारायचा.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. मी पहिला सीझन सुरू केलाय आणि फार हळू चाललंय हो. तिसऱ्या भागात अडकलोय. पुढं जाऊ की सोडून देऊ? रहस्यभेद वाचला, पण मला त्याचं काही वाटत नाही, मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस आहे.

मेलरोबो

ताई, सगळं पटलं, एक राहिलं. पाचव्या सीझनमध्ये मॉस्कोत मार्था दिसते त्याचं काय? दुकानात पिशवी घेऊन फिरताना दिसली तेव्हा मी सोफ्यावरून उठलो होतो. आणि सीझनच्या शेवटी तिला अनाथाश्रमातली ती छोटी ओल्या दाखवतात, दत्तक घेशील का म्हणून. मला ते बरं वाटलं. निदान काहीतरी मिळालं तिला.

टंकलेखिका

मेलरोबो, मला नाही बरं वाटलं. आठवून बघा, तिसऱ्या सीझनमध्ये मार्था क्लार्कच्या मागं लागलेली असते, आपण एखादं मूल सांभाळायला घेऊ या म्हणून. तो दर वेळी विषय टाळतो. म्हणजे तिला मूल हवं होतं हे केजीबीच्या फाइलमध्ये नोंदलेलं असणार. नवरा त्यांनीच पुरवला, आता मूलही तेच पुरवताहेत. पद्धत तीच. बाईला काय कमी आहे ते बघायचं आणि ते आणून समोर ठेवायचं. तिचा चेहरा उजळतो हे खरंय, पोर गोडच आहे. पण मी तिच्या जागी असते तर आधी विचारलं असतं, याच्या बदल्यात आता काय आणून द्यायचं?

त्याआधी गेब्रिएल, फिलिप-एलिझाबेथचा केजीबीतला म्हातारा वरिष्ठ, तिला भेटायला जातो तेव्हा ती त्याला घराबाहेर काढते. तोडक्यामोडक्या रशियनवर जगणारी, बटाटे उकडून खाणारी, एकटी, पण म्हाताऱ्याला दार दाखवते. ती मार्था मला जास्त आवडली.

रिकामटेकडे, तिसऱ्यातच सोडू नका हो. चौथा भाग बघा. ३० मार्च १९८१, रेगनवर गोळीबार झालेला दिवस. परराष्ट्रमंत्री हेग टीव्हीवर येऊन सूत्रं आपल्या हातात आहेत असं म्हणून बसतो, आणि मॉस्कोला हे लष्करी बंडासारखं वाटू शकतं. कळवायचं की नाही यावरून नवराबायकोत जुंपते. अमेरिकेत इतकी वर्षं राहिल्यावर फिलिपला कळतं की हा नुसता गोंधळ आहे, मॉस्कोत बसलेल्यांना ते कळणार नाही. सबंध मालिका कशाबद्दल आहे ते त्या एका भागात दिसतं. तोही कंटाळवाणा वाटला तर खुशाल सोडा, सक्ती नाही.

खडूस_वकील

बदल्यात काय द्यायचं हा प्रश्न बरोबर आहे. मॉस्कोत तिच्याकडे द्यायला काहीच उरलेलं नव्हतं, म्हणून ओल्या खरी वाटली मला. शिक्षेवर मी ठाम आहे. स्टॅनसाठी वेगळा धागा काढा, तिथं मी सरकारी पक्षातर्फे उभा राहीन.